मिळकत क्रमांक ४१७/अ, चाकांसह

कडेगाव
२ डिसेंबर २०२४

धुळा गड्या,

परवा फोन केला तर तू म्हणलास, "विषय गंभीर आहे, लेखी कळव." एकतीस वर्सं परिवहन खात्यात कारकुनी केलीस, सुटून सहा महिने झाले, तरी तुझ्या अंगातनं आवक-जावक काय जाईना. धोंडुवहिनींनी जेवाय हाक मारली तरी लेखी मागतोस का काय? तर घे, लेखी.

मी घर बांधलंय. चाकावर.

हसू नगंस. आपला उसाचा दोन चाकी ट्रेलर परड्यात गंजत पडला हुता. त्याच्यावर धनाजी वेल्डरकडनं घर उभं करून घेतलं. बारा फूट लांब, सात फूट रुंद. आत कॉट, ओटा, मोरी, देवाला कोनाडा, आन् राहीच्या डोळ्याच्या उंचीला एक खिडकी. जीपच्या मागं हुक अडकवला की घर निघालं. हौशी लोक असलं घर वढत देशभर हिंडत्यात, मी मोबाईलवर बघितलंय. त्यांच्या घरात झुंबरं असत्यात. आपल्याला झुंबर नगं.

आता कशापायी म्हणशील, तर राहीपायी. लगीन होऊन छत्तीस वर्सं झाली. मी चोवीस वर्सं फौजेत, बारा गावचं पाणी प्यालो, आन् ही तुमच्या औंधच्या यमाईच्या पल्याड गेली न्हाई. आता एकदम म्हणती, "मला जबलपूर दाखवा." ताजमहाल न्हाई, समुद्र न्हाई, जबलपूर! मी तिथं चार वर्सं काढली, मला ठाऊक हाय, तिथं बघण्यासारखा मीच हुतो. बरं, नेतो म्हणलं. तर म्हणती, "लॉजवर ऱ्हाणार न्हाई, दुसऱ्याच्या अंथरुणाला पाठ लावणार न्हाई. जाईन तर आपल्या घरातनं." मग काय, घरच घेऊन निघायचं ठरवलं.

वर मुदत दिलीया. शिवरात्रीच्या आत घर हललं तर हललं, न्हाईतर पुतण्या जयराजच्या शेळ्या त्यात बांधणार. जयराज रोज येतो आन् दाराची रुंदी मोजून जातो. माझ्या काळजात कसं हुतं ते तुला लेखी सांगता येत न्हाई.

आता कामाचं. गाडीला नंबर लागतो म्हणत्यात. तर तो मी मिळवलाय! ग्रामसेवकाला बोलावलं, त्यानं टेप लावून चारी बाजू मोजल्या, आन् दिला की नंबर. मिळकत क्रमांक ४१७/अ. पाठीमागं पांढऱ्या रंगानं हातभर अक्षरात लिवलाय. लय उठून दिसतो. आणखी काय बारीकसारीक लागत असंल तर कळव, उद्या-परवा उरकून टाकतो.

जय हिंद.
तुझा,
नाथाजी


औंध
जा. क्र. १
९ डिसेंबर २०२४

प्रति,
श्री. नाथाजी, माजी हवालदार, कडेगाव

विषय: चाकांवरील घराबाबत.
संदर्भ: आपले दि. २ चे बिनक्रमांकाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तू येडा हायस.

घरपट्टीचा नंबर लावून गाडी महामार्गावर नेणारा तू देशातला पहिला इसम असशील. नाथा, घराला घर नंबर आणि गाडीला गाडीचा नंबर. जे उभं राहतं ते ग्रामपंचायतीचं, जे पळतं ते आमच्या खात्याचं. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसलं तरी ते वाहनच. जीपचा नंबर वेगळा, ट्रेलरचा वेगळा. आधी तो ४१७/अ पुसून टाक, न्हाईतर नाक्यावरचा हवालदार तुला दंड करायचा सोडून फोटो काढत बसंल.

दुसरं. तुझा ट्रेलर शेतीच्या कामासाठी नोंदलेला आहे. त्याच्यावर खोली बांधलीस ती कुणाला विचारून? वाहनाचं रूप बदलायचं तर परवानगी, तपासणी, नवी नोंद. मागं लाल दिवे, चकाकणाऱ्या पट्ट्या, ब्रेक. तू कडेगावचा, तेव्हा हे सगळं सांगलीच्या कार्यालयात. पत्र टाकल्यावर परत फोन करून म्हणालास, "आणखी एक लागलाच तर साताऱ्याचा अकरा नंबर जमतो का बघ की, दिसायला बरा हाय." न्हाई जमत. पत्ता कडेगावचा असेल तर नंबर सांगलीचा, दहाचाच. मला पेन्शन सुखानं खायची हाय.

तिसरं आणि मोठं, वजन. तुझी जीप तिच्या कागदांप्रमाणे दोन टन ओढू शकते. दोन टनाला एक किलो जास्त चालणार न्हाई. मग उतारावर जीप घराला ओढत न्हाई, घर जीपला ढकलतं, आणि पुढचं तुला फौजेतल्या माणसाला काय सांगायचं. तरी ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन त्याचं रिकामं वजन घे आणि पावती मला पाठव.

खाजगीत: आमची मंडळी तुझं पत्र ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "आमी पिढ्यान्पिढ्या बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरांमागं हिंडलो, तवा लोक म्हणायची, ह्यांना घर न्हाई दार न्हाई. आता घरदारवाले पैका घालून हिंडाय निघाल्यात!" तुला वाईट वाटू नये म्हणून हे कळवणार नव्हतो, पण तिनं कळवायला लावलं.

आपला विश्वासू,
धुळा


कडेगाव
४ जानेवारी २०२५

धुळा,

वजनाची पावती सोबत जोडलीया. पावतीवर काय छापलंय ते वाचायच्या आधी हे पत्र वाच. तुझी शपथ हाय.

तू लिवलंस, रिकामं वजन घे. आपल्याकडं चांगला काटा कुठं, तर साखर कारखान्यावर. कारखान्याचं नाव लिवत न्हाई, संचालक भावकीतला निघतो. घर जीपला जोडलं आन् सकाळी सातला निघालो. राही आतच. म्हणलं, "अगं, रिकामं तोलायचं हाय, उतर." तर म्हणती, "रिकामं घर कुणी तोलतं व्हय? घरात दाणा-पाणी आन् माणूस नसलं तर ते घर न्हाई, खोपाट झालं. नव्या घराला पहिल्यांदा बाहीर काढताना रिकामं काढायचं न्हाई." आन् जोंधळ्याची दोन पोती, लोखंडी पेटी, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, जातं, सगळं आत घालून मधोमध बसली. तूच सांग, मी पलटनीत शंभर माणसं हलवली, हिला कसा हलवू?

कारखान्यावर गेलो तर पुढं चाळीस ट्रॅक्टर, मागं बैलगाड्या. मी मधे अडकलो. तीन तासांनी पोचलो, जीप पुढं काट्याभायेर, घर तेवढं काट्यावर. काटावाला बाळासो मान वर न करता इचारतो, "जात?"

मी चमकलो. म्हणलं, "वजनाला जात कशाला लागती रं?"

"उसाची जात वो. लावायचं काय ८६०३२?"

मी म्हणलं, "लाव तुला लावायचं ते, मला फकस्त वजन पाहिजे." मागनं सगळ्यांनी हॉर्न धरल्याला. त्यानं बटण दाबलं, पावती निघाली. मी म्हणलं, "आरं, मला रिकामं वजन पाहिजे." तो म्हणला, "मग आधी रिकामी करून आणा की. चला, पुढं घ्या."

धुळा, तू सगळी हयात टेबलाला काढलीस, तुला ठाऊक नसंल. कारखान्यात भरलेली गाडी आधी तोलत्यात, मग गव्हाणीवर नेत्यात. तिथं ऊस उचलून चरकाच्या पट्ट्यावर वतला की गाडी रिकामी, मग रिकामं वजन. मी वळवायला गेलो तर वळायला जागा न्हाई. शिट्टीवाला शिट्टी मारतोय, पुढं घ्या, पुढं घ्या. आन् कवा मी गव्हाणीच्या तोंडाला लागलो ते मलाबी कळलं न्हाई. वरनं क्रेनचा आकडा आला आन् घराच्या कोपऱ्यात अडकला. घर एका अंगानं हातभर उचाललं!

तवा राहीनं खिडकीतनं मुंडी बाहीर काढली आन् जी आरोळी मारली, "ए मुडद्या! माझ्या संसाराला हात लावशील तर बघ!" माझ्या सुभेदारसायबाचा आवाज असा नव्हता. क्रेनवाल्यानं हात सोडून कानावर ठेवलं. गाळप सात मिनिटं बंद. चीफ केमिस्ट बाहीर आला, त्याला वाटलं चरक तुटला.

वजन पावतीवर हाय. त्यात राहीचं किती ते इचारू नगंस, तिनं सांगितलंय लिवायचं न्हाई.

घरी आल्यावर मोबाईलवर मेसेज पडला, आपला ३.४१० टन ऊस गाळपासाठी मिळाला, धन्यवाद. जयराजला दाखवला तर म्हणतो, "काका, गाळून झाल्यावर चिपाड मला द्या, शेळ्या खात्यात."

नाथाजी


औंध
जा. क्र. २
१० जानेवारी २०२५

प्रति, श्री. नाथाजी, ऊस उत्पादक, कडेगाव

महोदय,

पावती मिळाली. तीनदा वाचली. एकतीस वर्षांत बुलडोझर पाहिला, हत्ती वाहून नेणारा ट्रक पाहिला, पण लागणीचा ऊस, जात ८६०३२ म्हणून तोललेलं घर, हे पहिल्यांदाच फायलीला लागलं. नाथा, कागदोपत्री तुझं घर गाळप झालंय. त्याची साखर झाली. जे वाहन साखर झालं त्याची नोंदणी कुठलं खातं करणार? पहिल्यांदा कारखान्यात अर्ज देऊन ते घर उसातनं काढून घे.

आता वजन. तीन हजार चारशे दहा! मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ट्रेलर धरला, पत्रे धरले, कॉट धरली, दोन पोती, पेटी, बंब धरला, वहिनींना अंदाजे धरलं (माफी असावी). काही केल्या सहा-सातशे किलोचा मेळ बसत न्हाई. तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस. शाळेत असताना बोर्डिंगात गूळ लपवायचास तवाबी तुझा मेळ असाच बसत नव्हता. काय आहे आत? खरं लिही. परिवहन खात्याला आणि जुन्या मित्राला खोटं सांगू नये.

दुसरं, सामानाचा प्रश्न तुझ्याच्यानं सुटणार न्हाई हे दिसतंय. आमच्या मंडळीला पाठवतोय. लगीन होईपर्यंत ती माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंत कळपामागं चालली. तिच्या आईचं नऊ माणसांचं बिऱ्हाड एका घोड्यावर मावायचं, वर कोंबड्यांची पाटी आणि चालता न येणारी दोन कोकरं. ती सोमवारच्या एसटीनं येईल. तिच्या कामात तोंड घालू नकोस.

धुळा


कडेगाव
२७ जानेवारी २०२५

धुळा,

खरं लिवतो. फरशी हाय. शहाबादी.

राहीला शेणानं सारवायला आता गुडघं साथ देत न्हाईत. म्हणून खाली फरशी टाकली. तू हसशील म्हणून लिवली न्हाई. ती सहाशे चाळीस किलो भरली. उपसताना धनाजी मला काय काय बोलला ते ग्रामसेवकालाबी ऐकू गेलं. आता प्लायवूड टाकलंय. भिंतीचं जाड पत्रंबी काढलं, तिथंबी प्लायवूड. घर आता बोट लावलं की ढोलावानी वाजतंय.

आन् धोंडुवहिनी! गड्या, असली बाई कर्नल पाहिजे हुती. आल्या आल्या च्याबी घेतला न्हाई. सगळं सामान अंगणात मांडायला लावलं आन् एकेक वस्तू उचलून राहीला इचारलं, "हे रोज लागतं?" राही म्हणली, "सणावाराला." झालं, डाव्या बाजूला. "हे?" "पावणं आलं तर." डाव्या बाजूला. "पावणं आपल्या घरात येत्यात. रस्त्यावर आपुनच पावणं." सतरा पातेल्यांची दोन झाली. बंब गेला, पेटी गेली, पोती गेली. माझी दाढीची तीन सामानं हुती, त्यातली दोन गेली. मी जरा तोंड उघडलं तर माझ्याकडं बघून राहीला इचारलं, "हे रोज लागत्यात?" राहीनं ईचार करायला वेळ घेतला, ते मला लागलं.

मग खाजगी काट्यावर तोललं. ह्या खेपेला राही खाली. दोन हजार सोळा.

सोळा किलो, धुळा! सोळा किलोपायी अडकलो. आन् काढायला एकच वस्तू उरलीया, जातं. दोन पाळ्या मिळून चौतीस किलो. वीस वर्सांत त्यात दाणा पडला न्हाई, घरात गिरणी हाय. मी म्हणलं, काढ. तर राही जात्यावर बसली ती उठंना. धोंडुवहिनी तिच्याजवळ बसल्या. दोघी आत तासभर काय बोलत हुत्या कुणास ठाऊक. भायेर आल्या तवा दोघींचं डोळं लाल. म्हणल्या, कांदा चिरत हुतो. घरात कांदा नव्हता. आन् धोंडुवहिनी मला म्हणल्या, "दाजी, जातं ऱ्हाऊ द्या. मला काय इचारू नगा."

ह्या बायकांचं मला काय कळत न्हाई. जबलपूरला नेतोय तर दगड कशाला पाहिजे? खरं सांगू का, मला जबलपूरचंच कळत न्हाई. शहाण्णव साली तिथं मला फॅमिली क्वार्टर मिळालं हुतं. तिला न्यायचं म्हणून लिवलं, तर आईचं अंतर्देशीय पत्र आलं, राही येत न्हाई. तिला नगं असंल म्हणून मी खोली परत केली. तवा आली न्हाई आन् आता नाद घेतलाय. असो. जुन्या गोष्टी.

सोळा किलोचं कायतरी सांग. शिवरात्रीला महिना उरला. जयराजनं काल गव्हाणच आणून ठेवली, शेळ्यांची. तो शब्द ऐकला की आता माझ्या अंगावर काटा येतो.

नाथाजी


औंध
जा. क्र. ३
३१ जानेवारी २०२५

नाथा,

एका ओळीचं उत्तर. ट्रेलरचं वजन म्हणजे ट्रेलरवर जे आहे त्याचं वजन. जे जीपमध्ये आहे ते ट्रेलरवर न्हाई.

जातं जीपच्या मागच्या सीटवर ठेव. दोन्ही पाळ्यांना पट्टा लाव. सांगलीचं काम उरकून घे.

फरशीचं वाचून आमची मंडळी हसली न्हाई. म्हणाली, "गुडघ्याचा ईचार केला की माणसानं."

धुळा


कडेगाव
१३ फेब्रुवारी २०२५

धुळा,

पासिंग झालं. दिवे पास, ब्रेक पास, पट्ट्या पास. वजन एक हजार नऊशे ब्याऐंशी. साहेब माणूस चांगला हुता, जीपमधी जात्याला पट्टा लावल्याला बघून त्यानं तो पट्टा वढून बघितला, मग म्हणला, "नियमात बसतं." धा नंबरची पाटी लागली. मी राहीला म्हणलं, बघ, झालं तुझं जबलपूर!

राही हसत हसत मागचं दार उघडून आत चढली आन् खिडकीत बसली. तर साहेब म्हणला, "मावशी, पुढं बसा. ट्रेलर चालू असताना आत माणूस बसायचं नाही."

ती म्हणली, "आवं, माझं घर हाय."

तो म्हणला, "थांबल्यावर तुमचं घर. चालताना वाहन."

राही उतरली. सांगलीपासनं कडेगावपतूर जात्याशेजारी बसून आली. घरी आल्यावर म्हणली, "मला त्या खिडकीतनं रस्ता बघत जायचं हुतं. आपल्या घरात बसून. न्हाई तर मग एसटी काय वाईट हुती? ऱ्हाऊ द्या. जयराजला बोलवा." आन् आतल्या दोन पातेल्यातलं एक भायेर आणून चुलीवर ठेवलं.

धुळा, एकच इचारतो. तुला हा नियम ठाऊक हुता का न्हवता? तुझ्या तीन पत्रांत दिव्याचं हाय, पट्टीचं हाय, ब्रेकचं हाय, नंबर कुठला दिसायला बरा हेबी हाय. हे न्हाई. ठाऊक असून लिवलं नसशील तर तुझी-माझी दोस्ती आजपतूर हुती.

नाथाजी


औंध
१६ फेब्रुवारी २०२५

नाथा,

ह्या पत्राला जावक क्रमांक न्हाई.

ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. ९ डिसेंबरच्या पत्रात चौथा मुद्दा म्हणून मी लिहायलाबी घेतलं होतं. पण तू लिहिलं होतंस, "राहीच्या डोळ्याच्या उंचीला एक खिडकी." ते वाचलं आणि पेन उचलला. वाटलं, आधी बाकीचं होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, सांगलीत कुणाच्या ध्यानात येणार न्हाई. एकतीस वर्षांत लोकांना एक अक्षर कमी पडलं तर परत पाठवलं मी, आणि तुझ्या कामात मीच एक ओळ गाळली. चूक माझी. शिव्या घाल, पण दोस्ती मोडू नकोस, ह्या वयात मला दुसरा मित्र कुठनं मिळणार?

आता आणखी एक गाळलेली गोष्ट सांगतो. धोंडुबाईनं शपथ घातली होती, पण शपथ तोंडी होती. लेखी नव्हती.

शहाण्णव साली तुझं पत्र आलं तेव्हा राहीवहिनींनी सात दिवस बांधाबांध केली. पातेली, बंब, पाटा, आणि माहेरनं आलेलं ते जातं, पाथरवटाकडनं नवी टाकी लावून घेतलेलं. गाठोडी दाराशी आणून ठेवली होती. आदल्या दिवशी तुझी आई मोरीत घसरली, खुबा मोडला. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. वहिनी सासूला म्हणाल्या, "त्यांना कळवा, येता येत न्हाई." वहिनींना दवाखान्यातनं हलता येईना, म्हणून आईनं कुणाकडनं तरी पत्र लिहून घेतलं, आणि तू घोर करशील म्हणून खुब्याचं लिहू दिलं न्हाई. लिहिणाऱ्यानं एक शब्द कमी लिहिला. तुला पोचलं, "येत न्हाई."

तू खोली परत केलीस आणि मग चार वर्षं पत्रात फक्त "खुशाल आहे" लिहिलंस. त्या समजल्या, तुलाच नको होतं. तू समजलास, तिला नको होतं. एकोणतीस वर्षं दोघंबी गप! अरे, माझ्या खात्यात फायलीसुद्धा एवढी वर्षं पडून राहत न्हाईत.

आता ऊठ आणि जाऊन विचार. लेखी नको, तोंडी विचार.

तुझा,
धुळा


खंडाळा
८ मार्च २०२५

धुळाभावजींना राहीबाईचा नमस्कार. धोंडुबाईंना लय लय आठवण.

पहिल्यांदाच तुमाला पत्र लिवते, चुकलंमाकलं समजून घ्या. हे म्हणत्यात तूच लिव, मी लिवलं तर परत दोस्ती तोडायची भाषा यायची. तसं काय न्हाई, तुमच्यावरचा राग कवाच गेला. तुमचं पत्र वाचलं तवा हे परड्यात जाऊन त्या घराची खिडकी पुसत बसलं हुतं. मग आत आलं आन् मला म्हणलं, "तू यायला निघाली हुतीस व्हय?"

मी म्हणलं, "आवं, सात दिवस बांधत हुते."

तर खाली बघून म्हणलं, "मी खोलीला चुना लावला हुता. खिडकीला पडदाबी आणला हुता, निळा." मग आमी दोघंबी लय रडलो, आन् जयराज दारात दोरी घिऊन उभा. त्याला ह्यांनी फौजेतलं असं कायतरी हिंदीत सुनावलं की त्यानं गव्हाणसुद्दा उचलून नेली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी निघालो. सायबानं सांगितलेला नियम आमी तंतोतंत पाळतो. चालताना मी पुढंच बसते, मागं सीटवर जातं. हे अर्धा मैल जात्यात, मग रस्त्याकडंला चांगली जागा बघून थांबत्यात, चाकाला दगड लावत्यात, मागचं दार उघडून सलूट मारत्यात आन् म्हणत्यात, "मॅडम, घर थांबलं." मी आत जाऊन खिडकीत बसते, च्या करते. दोघं पितो. समोर कुठं ऊस, कुठं हरभरा, कुठं नुसता माळ. एका ठिकाणी मेंढरांचा कळप चालला हुता, त्याच्यामागच्या बायकांना आत बोलावलं. त्यांनी घर बघितलं आन् मला इचारलं, "रोज सतरा डाव थांबायचं तर पोचायचं कवा?" ट्रकवाल्यांना वाटतंय च्याचं हॉटेल हाय. काल सहाजण येऊन बसले, दिला की मग. ह्यांचं मत पडलं की जात्यावर भाकरीचं पीठबी काढावं, तर काढलं. बारीक निघतंय.

अकरा दिवस झालं आन् आमी ह्या साताऱ्याकडच्या खंडाळ्यापतूर आलोय. सातारा जिल्हा अजून सुटला न्हाई. मी म्हणलं, "आवं, असं गेलो तर पाऊसकाळ हुईल." तर म्हणत्यात, "मग छत्री घिऊ."

भावजी, एक काम करा. हे म्हणत्यात त्यांची जुनी पलटन अजून जबलपूरलाच हाय, पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिवलाय. त्यांना एक पत्र टाका. लय मोठं नगं. तुमच्या चांगल्या अक्षरात एवढंच कळवा, की हवालदार नाथाजींची मंडळी राहीबाई येत हाय. जरा उशीर हुईल, पर येत हाय.

आन् टाकायच्या आधी धोंडुबाईंना वाचून दाखवा. शब्द मोजून घेतील त्या.

राहीबाई